सासऱ्यांची खेप

आमच्या सासऱ्यांना सगळे ड्रायव्हर 'उस्ताद' म्हणायचे. त्या एका शब्दाने माणसाचं डोकं जेवढं फिरतं, तेवढं दारूनेही फिरत नसावं.

उभा जन्म त्यांनी लांब नाकाच्या जड ट्रकवर काढला. पॉवर स्टिअरिंग नाही, वळण आलं की अर्धं अंग चाकावर टाकायचं. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबायचा, मध्ये न्यूट्रलला रेस द्यायची आणि इंजिनाचा सूर जुळला की दांडा सारायचा. सूर चुकला तर गिअर किंचाळणार. मला हे कसं माहीत? लग्न होऊन आले तेव्हापासून रोज जेवताना हेच ऐकलं. ताटात काय वाढलंय याची शुद्ध नाही, पण टेबलाखाली डावा पाय क्लच दाबतोय. मीठ कमी पडलं की मात्र बरोबर कळायचं.

नवराही ट्रकच चालवतो, नवा, गार हवेचा. सासरे चार माणसांत म्हणायचे, "याच्या गाडीला ड्रायव्हर कशाला हवा? उशी ठेवली तरी चालेल." माणसं हसायची. नवरा दातओठ खायचा.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट सासूबाईंच्या मरणाची होती. म्हणजे गोष्ट उताराची, सासूबाई त्यात नावाला. पंपावर निरोप आला, बायको गेली. गाडी भरलेली, पुढे डोंगराचा उतार. "ब्रेकला पाय लावला नाही," सासरे मांडीवर थाप मारून सांगायचे, "अख्खा डोंगर दुसऱ्या गिअरवर उतरलो." माल पोचवून ते घरी आले तोवर नवऱ्याच्या मामांनी सगळं उरकलं होतं. नवरा तेव्हा शाळकरी पोर होता, बापाची वाट बघत दारात बसून राहिलेला. बाप आला आणि त्याने आधी गाडी धुतली.

"मला एकदा या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघायचंय," नवरा मला म्हणाला होता. "मग मी मोकळा."

कंपनीने जुने ट्रक विकायला काढले तेव्हा सासऱ्यांनी आपला घरी आणला. परसात उभा करून रोज पुसायचे. तोच ट्रक नवऱ्याने परस्पर भंगारात विकला. सासऱ्यांना सांगितलं, रंगवून आणायचाय. मला खरं माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. त्यांच्या जिभेने तेवढी मीही पोळले होते.

पण भंगारवाल्याची क्रेन आमच्या बोळात शिरेना. मग त्याने ड्रायव्हर पाठवला. मिस्त्रीने बॅटरी घातली, ब्रेक बघितले, इंजिन धडधडलं. पण त्या ड्रायव्हरला गिअर पडेना. सासरे पायरीवर बसून बघत होते. "अरे, गिअरबॉक्स आहे तो, खलबत्ता नाही," ते म्हणाले. "उतर खाली."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा असा खुलला होता की मला भीतीच वाटली. "बाबा, तुम्हीच न्या ना," तो म्हणाला. "मी मोटरसायकलवर पुढे असतो. मागे मागे या."

सासऱ्यांना साखरेचा त्रास, म्हणून गोळ्या घेऊन मी शेजारी बसले. खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाचा मनापासून राग होता, पण चाकावर बसल्यावर तो माणूस वीस वर्षांनी तरुण दिसायला लागला. बोळातून गाडी भिंतीला न खरवडता काढली. गावाबाहेरचा उतार लागायच्या आधीच त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि ब्रेकवरचा पाय उचलून मला दाखवला.

"तुझी सासू गेली तेव्हा असाच उतार होता," ते म्हणाले.

"रडलात?"

"उतारावर कोण रडतं, सूनबाई?"

"मग खाली आल्यावर?"

"खाली आल्यावर चढ होता."



भंगारवाल्याच्या फाटकात नवरा उभा होता. आतल्या ट्रकांची नाकं कापून एका बाजूला रचलेली होती. गॅसकटर घेतलेली दोन माणसं आमचीच वाट बघत होती. सासऱ्यांनी इंजिन बंद केलं आणि ते खाली उतरले.

"रंग नाही, बाबा," नवरा म्हणाला. वाक्य घोकून आला होता. "तुकडे करणार आहेत. आणि तुम्ही स्वतःच्या हाताने आणून दिलीत."

सासऱ्यांनी कापलेल्या नाकांकडे बघितलं, मग आपल्या गाडीकडे. नवरा त्यांच्या चेहऱ्यावरची नजर हलवत नव्हता.

तेवढ्यात भंगारवाला हात पुसत आला. "उस्ताद, फाटकातून कशी आणलीत! नदीपलीकडे अशाच आणखी उभ्या आहेत हो. माझ्या एकाही पोराला हलवता येत नाहीत."

"कशा येतील?" सासरे म्हणाले. "बॅटऱ्या भरून ठेवा. सकाळी मला न्यायला माणूस पाठवा."

"बाबा," नवरा म्हणाला, "तुमची गाडी आहे ही."

"झाली की पोचती," सासरे म्हणाले. "फाटकात उभा राहू नकोस, माणसांना काम करू दे."

कटर पेटला आणि बॉनेटला लागला. लहानपणी सुट्टीत बापाबरोबर गेला की नवरा याच ट्रकच्या सीटमागे झोपायचा. बाप जवळ असायचा तो तेवढाच. हे त्याने मला कधीतरी सांगितलं होतं, आज तो स्वतःच विसरला होता. आता आठवलं असावं, कारण तो सगळ्यांसमोर हमसून हमसून रडायला लागला. मी त्याचा हात धरला, तो त्याने झटकला.

सासरे पाठमोरे होते. त्या गाड्यांना गिअर चार की पाच, ते भंगारवाल्याला विचारत होते.