जेनालाआजीने आधी हात बुडवला

जेनालाआजीच्या संडासाबाहेर पिवळा प्लास्टिकचा डबा दोरीने टांगलेला आहे. खालची काठी पायाने दाबली की डबा वाकतो आणि पाण्याची धार पडते. शेजारी जाळीच्या पिशवीत साबणाची वडी. आरोग्य केंद्राच्या बाईंनी सांगितलं तेव्हा आमच्या चितोवे गावात सगळ्यांनीच असे डबे टांगले. नंतर बहुतेकांचे कोरडे पडले. आजीने मात्र आपल्या डब्याला स्वतःची भर घातली. काठीला तिने पत्र्याची चार झाकणं बांधली. कुणी हात धुतले की झाकणं खणखणतात आणि तो आवाज तिला चुलीपाशी बसून ऐकू येतो. आवाज आला नाही की ती तिथूनच ओरडते, "लेमसोनी! पाय दुखतोय का रे?"

लेमसोनी हा तिचा थोरला मुलगा. वय बावन्न, चर्चच्या समितीवर आहे, चार माणसं त्याचा सल्ला घेतात. ती चार माणसं अंगणात बसलेली असली तरी आजी आवाज खाली आणत नाही. एकदा त्याने शहाणपणा करून काठीला नुसती लाथ मारली आणि परत येऊन बसला. आजी उठली, पाहुण्यांदेखत त्याचा हात नाकाशी धरला आणि म्हणाली, "झाकणांचे हात धुतलेस होय? आता स्वतःचे धू."

मी तिच्या शेजारी अकरा वर्षं राहते आहे. माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवते. माझा मुलगा यांको सहा वर्षांचा आहे आणि जमिनीवर पडलेली प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालून मग ती काय आहे ते बघतो. त्याचं पोट जरा बिघडलं की मी रात्रभर त्याच्या उशाशी बसते. आजी मला हसते. "मास्तरीण, पोरगा आहे तो. अंडं नाही." पण शाळेच्या फाटकाशी ती मंडासी विकायला बसते, ते कणकेचे तळलेले गोळे, तेव्हा यांकोला दोन्ही हात दाखवल्याशिवाय देत नाही. सगळ्याच पोरांचे ती हात बघते. "उजवा दाखव. आता डावा. हा कुणाचा? तुझा की बदकाचा? जा, बदकाला सांग धुऊन ये म्हणून." शाळा ती स्वतः तिसरीपर्यंतच शिकली. बाकीचं सगळं रेडिओवरचं, आणि थोडं माझ्याकडून भांडून घेतलेलं.

मी सांगते आहे ती गोष्ट यंदाच्या जानेवारीतली. आमच्याकडे पावसाळा तेव्हाच असतो. पाऊस चालू होता आणि तळ्याकाठच्या कोळ्यांच्या झोपड्यांत कॉलरा निघाला होता. दोघांना केंद्रात आणलं. एकाला फार उशिरा आणलं होतं, तो वाचला नाही. केंद्राच्या बाई घरोघर हिंडल्या. पाणी उकळा, नाहीतर क्लोरीनचे थेंब टाका. उघड्यावर बसू नका. आणि जेवणाआधी एकाच भांड्यात सगळ्यांनी हात बुडवू नका, वरून पाणी घालून साबणाने धुवा.

आधीच्या गोष्टींना लोकांनी माना डोलावल्या. शेवटच्या गोष्टीला मात्र कुणी मान हलवली नाही. आमच्याकडे पाहुण्यांत हात धुवायच्या पाण्याचं तसराळं फिरतं. सगळ्यांत मोठा मान ज्याचा तो त्यात आधी हात घालतो, मग त्याच्या खालचे, मग बायका, आणि शेवटी पोरं. पोरांपर्यंत येईतो त्या पाण्याचा रंग पेजेसारखा झालेला असतो. पण तसराळं नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं.

नेमकी त्याच आठवड्यात आजीच्या नातीची, तिसुंगेची, सोयरीक ठरायची होती. मुलगा डिक्सन, सायकली दुरुस्त करतो, गोड आहे, बोलताना जमिनीकडे बघतो. पण मुलाच्या बाजूने सगळं त्याच्या मामांच्या हातात. रीतच तशी. दोन्हीकडचे मामा बसतात, जेवण होतं, मग एकाने कोंबडा आणि दुसऱ्याने कोंबडी एकमेकांच्या हाती दिली की नातं पक्कं. तिसुंगेचा मामा म्हणजे लेमसोनी. डिक्सनचे मामा म्हणजे चिपेटामामा, आणि त्यांचं नाव ऐकून लेमसोनीला घाम फुटत होता. कारण महिन्यापूर्वीच शेजारच्या गावात त्यांच्याच दुसऱ्या भाच्याची बोलणी होती. तिथे यजमानांनी तसराळ्याऐवजी वरून पाणी ओतायचा जग पुढे केला. चिपेटामामा कोंबडा काखेत मारून उठले. "एका पाण्यात हात घालायला नको असेल, तर एका घरात मुलं कशाला घालायची?" असं म्हणाले आणि चालते झाले. ते लग्न मोडलं ते मोडलंच.

आदल्या दिवशी तिसुंगे आजीच्या पायाशी बसली. "आजी, उद्या जग काढू नकोस. माझ्यासाठी. एकच दिवस."

"आणि माझा यांको शेवटी बसतो, त्याचं काय?" मी म्हणाले. मला गप्प बसवेना.

आजीने आमच्या दोघींकडे बघितलं. "दोघीही खरं बोलताय, म्हणून दोघींचा राग येतोय मला. तिसुंगे, जग मी काढणार नाही. तसराळंच ठेवीन. झालं समाधान?"

तिसुंगेचं झालं. माझं कसं होणार? यांकोला घरीच ठेवायचं ठरवलं. पण कोंबडी शिजणार हे त्याला कळलं होतं, आणि त्याने सकाळी असा टाहो फोडला की शेवटी मी त्याला घेऊन गेले. पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली आणि साबण लपवला होता.

आजी स्वयंपाकघरामागे उभी होती. तळहातावर नीलगिरीची पानं चोळत होती. जवळ सर्दीवर लावायच्या नीलगिरीच्या तेलाची बाटली.

"सर्दी झाली?" मी विचारलं.

"नाही गं. नटतेय." तिने तेलाचे थेंब हातावर घेऊन नखांपर्यंत चोळले. मग तिने बेत सांगितला. ऐकून मी घाबरले. ते तेल अंगाला लावायचं, पोटात जायचं नाही. लहान मुलांच्या तर मुळीच नाही.

"म्हणून तर तुला सांगतेय," आजी म्हणाली. "पोरांनी घास तोंडाशी न्यायचा नाही, हे तुझं काम. कॉलेजात गेली होतीस ना? एवढं जमेल."

"आणि मामा उठून गेले तर?"

आजीने बाटलीचं बूच लावलं. "तर तिसुंगे माझ्याशी जन्मभर बोलणार नाही," ती म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

पाहुणे आले. चिपेटामामा पांढऱ्या शर्टात, उंच, कोंबडा काखेत. पुरुष खुर्च्यांवर, बायका चटयांवर, पोरं दाराशी. मामांबरोबर त्यांच्या बहिणीची चार वर्षांची नात आली होती, फालेसी नावाची. तिला त्यांनी वाटभर खांद्यावर आणलं होतं. ती पोरांच्या अगदी टोकाला, यांकोच्या पलीकडे बसली. मक्याच्या पिठाच्या घट्ट, वाफाळत्या न्सिमाच्या ताटल्या आल्या, कोंबडी आली, पालेभाजी आली. आणि निळ्या फुलांचं तसराळं आलं. मामांचा चेहरा खुलला.

"आजी, वयाने तुम्ही मोठ्या. आधी तुम्ही," ते म्हणाले.

यावर तीनदा नको नको म्हणायचं असतं. पाहुण्याने तीनदा आग्रह करायचा आणि शेवटी पाहुण्यानेच आधी हात बुडवायचा. आजीने एकदाही नको म्हटलं नाही. "बरं," म्हणाली आणि कोपरापर्यंत हात घातले, चांगले खळबळवले. लेमसोनीने डोळे मिटून घेतले.

मामा जरा थबकले, मग त्यांनीही हात घातले. "कुणाला सर्दी झालीय वाटतं," ते म्हणाले. मग लेमसोनी, मग बाकीचे पुरुष, मग बायका. मी पाणी हाताला न लावता नुसती बोटं हलवली. मग पोरं. यांकोने हौसेने धुतले. सगळ्यांत शेवटी फालेसीने तळहात बुडवून थपथप केलं.

मामांनी न्सिमाचा गोळा तोडला, तळहातावर वळला आणि तोंडाशी नेला. गरम गोळ्याची वाफ वर आली. ते थांबले. हुंगलं. हात लांब केला, पुन्हा हुंगलं.

"लेमसोनीभाऊ, सर्दी तुम्हाला आहे का?"

"मला? नाही मामा. मला वाटलं तुम्हालाच."

तोवर बायकांच्या चटईवर प्रत्येकीने आपला आणि शेजारणीचा हात हुंगायला सुरुवात केली होती. "अगं बाई, तुझाही?" "माझा नाही, तुझ्यामुळे येतोय." "हो, म्हणे माझ्यामुळे!" मी यांकोचं मनगट घट्ट धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने फालेसीची ताटली मागे ओढत होते. यांको ओरडला, "माझा पण! मामा, माझा पण वास येतो!"

"घास खाली ठेवा सगळ्यांनी," आजी म्हणाली. "तेल माझ्या हाताचं आहे. आधी मीच बुडवला ना हात?"

मामांनी गोळा ताटलीत ठेवला. "चुकून लागलं असेल."

"चुकून कसं? सकाळपासून चोळतेय."

तिसुंगेने ओढणीत तोंड लपवलं. डिक्सन जमिनीकडे बघत होताच.

"आजी," मामा हळू म्हणाले, "घरी बोलावून पाहुण्यांची चेष्टा?"

"चेष्टा माझ्या हाताची केली, तुमच्या नाही. आज हाताला वास होता म्हणून तुम्हाला कळलं. सकाळी मी संडासला जाऊन आले आणि हात न धुता इथे बसले असते, तर त्याचा वास आला असता? कोळ्यांच्या झोपडीत कुणालाच आला नाही, मामा."

मामा उठले. लेमसोनीही उठला, त्यांना अडवावं की वाट द्यावी हे त्याला ठरवता येईना. पण मामा दाराशी गेले ते फालेसीपाशी. ती बोट तोंडात घालणार होती. त्यांनी ते हलकेच धरलं आणि तिचा तळहात नाकाशी नेला. बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"ही सगळ्यांत शेवटी बसलीय," ते म्हणाले.

"शेवटीच बसवतो आपण त्यांना," आजी म्हणाली.

"मी म्हणतो, एका पाण्यात हात घातले की एक घर होतं. ते खोटं आहे का?"

"कोण म्हणतं खोटं? पाणी एकच राहू दे. एका विहिरीचं, एका बादलीचं. फक्त वरून येऊ दे."

मामांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं. "आणि जग धरणार कोण? कुणीतरी पोर? म्हणजे मी काय अंथरुणावरचा म्हातारा, माझे हात दुसऱ्याने धुवायला?"

"पोराला कोण देतंय? सगळ्यांत मोठा मान ज्याचा, त्यानेच धरायचा."

"अशी रीत कुठे आहे?"

"इथे. आत्तापासून."

मामांच्या मिशा हलल्या. "दंड बसेल तुम्हाला या आगाऊपणाचा. एक पक्षी जास्तीचा."

"घ्या की. लेमसोनीचा कोंबडा घ्या. नाहीतरी भलत्याच वेळी आरवतो मेला."

"आई!" लेमसोनी म्हणाला. पण तोवर सगळे हसले होते, आणि मामांनी बाह्या वर सरकवून हात पुढे केला. "द्या तो जग."

आतून जग आला आणि त्यांनी फालेसीपासून सुरुवात केली. नुसत्या पाण्याने वास जाईना. मामांनी तिचा हात पुन्हा हुंगला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मास्तरीण, आता बोल की," आजी माझ्याकडे बघून म्हणाली. "कॉलेज काढ बाहेर."

मी पिशवीतून साबण काढला. तेल पाण्याला धरत नाही, साबण दोघांनाही धरतो आणि पाण्याबरोबर ओढून नेतो. जंतू ज्या तेलकट मळात बसतात त्याचंही तेच होतं, म्हणून चोळायचं, घाई करायची नाही. साबण नसेल तर चुलीची राख. एवढंच बोलले. वर्गात यापेक्षा जास्त बोलते, पण तिथे इतकं कुणी ऐकत नाही.

मग मामांना कोण आवरणार? "बोटांच्या मधे! अंगठा कुणाचा राहिला? तुमचा, लेमसोनीभाऊ. नखांत अर्धं शेत घेऊन जेवायला बसता का?" चर्चच्या समितीवरचा लेमसोनी मुकाट्याने अंगठा चोळत उभा राहिला. शेवटी मामांचेच हात राहिले. आजीने जग घेतला आणि त्यांच्या हातांवर धार धरली. ते इतका वेळ चोळत होते की ती म्हणाली, "पुरे मामा, कातडं निघेल."

"तुम्ही नका सांगू," मामा म्हणाले. "तुमच्या हातांवर माझा विश्वास नाही."

वासाच्या हातांनी तोडलेला न्सिमा खड्ड्यात गेला. रांधणारी मालिता डोक्याला हात लावून म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी शाळा भरवायची तर पीठ वैरण्याआधी भरव." दुसरा टोप चढवला. तो शिजेपर्यंत नुसतं बसायचं कसं? म्हणून चिपेटामामांनी कोंबडा उचलला, लेमसोनीने कोंबडी उचलली, आणि जेवणानंतर व्हायचं ते जेवणाआधीच झालं. पंख फडफडले, बायकांनी जिभा हलवून आनंदाचा लांब आवाज काढला, तिसुंगे रडली. डिक्सनने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे बघितलं.

नवा न्सिमा आला. सगळे बसले. लेमसोनी ताटलीकडे हात नेत होता, तेवढ्यात मामांनी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या. दोघांच्याही बोटांना पिसं चिकटली होती.

मामांनी उसासा टाकला आणि जग उचलला. "चला, उठा. पुन्हा."