मेहरीनने बदलायला लावलेला शब्द

देवाने डोळ्यांना पापण्या उगीच दिल्या नाहीत. पण कशेळीच्या गोदामातल्या कुणाल सुपरवायझरला त्या मिटायला सवडच नसे. पॅकिंगच्या टेबलासमोर तो ठाण मांडायचा आणि तिथे पॅकिंग करणाऱ्या मेहरीनकडे टक लावून बसायचा. हात लावला नाही, की वाकडा शब्द बोलला नाही. मग सांगायचं तरी काय?

"बघितल्याने झिजतेस का गं?" बरोबरीच्या बायका हसायच्या.

अडीच महिने सोसून तिने शेवटी तक्रार केली. आज ऑफिसात तक्रारी बघणाऱ्या रुचिरा मॅडमनी तिचा जबाब इंग्रजीत टाइप केला आणि कागद पुढे सरकवला. "सही कर. मला तीनला मीटिंग आहे."

मेहरीन दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेली. तरी बोट ठेवून वाचू लागली. 'कुणाल लुक्ड ॲट मी.' बोट तिथेच अडलं.

"मॅडम, लुक नको. स्टेअर लिहा."

"अगं, एकच ते. बघणं म्हणजे बघणं."

"एकच नाय मॅडम. नजर गेली, परत आली, ते लुक. स्टेअर म्हणजे रोखून धरतात ते."

"सुपरवायझरने कामावर बघायचंच असतं. ती त्याची ड्युटी आहे."

मेहरीनला कळलं. म्हणजे या शब्दावर सही केली की तक्रार इथेच मिटणार. उद्या पुन्हा तो समोर. आणि अब्बांच्या कानावर गेलं, तर आपणच घरी बसणार.

तिने पेन खाली ठेवलं आणि मॅडमच्या चेहऱ्यावर नजर रोखली. पापणीही हलू दिली नाही.

मॅडम आधी हसल्या. मग चेहऱ्यावरून हात फिरवून पाहिला. "काही लागलंय का?" मेहरीन बघतच राहिली. मॅडमनी ओढणी सारखी केली, खुर्ची मागे घेतली, दाराकडे पाहिलं.

"पुरे, मेहरीन!"

मेहरीनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं. "माफ करा मॅडम. अर्धं मिनिटसुद्धा झालं नाय. मी तिथे नऊ तास उभी असते."

मॅडमनी ती ओळ खोडून नव्याने टाइप केली: 'कुणाल स्टेअर्ड ॲट मी.' मेहरीनने दोनदा वाचली, ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हटलं आणि सही केली.

"चौकशी होईपर्यंत तू वरच्या मजल्यावर काम कर. तिथे तो येणार नाही."

"मी का हलू, मॅडम? त्याला हलवा ना."

मॅडमनी फोन उचलला. "कुणालला दुसऱ्या गोदामात पाठवा. उद्यापासून नाही, आत्ता."

मेहरीन जिना उतरली. ती आपल्याच टेबलाकडे गेली.