कोंबडी छाप मोर

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत मला ‘अ’ श्रेणी मिळाली होती, हे मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासरी सगळ्यांना सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे आमच्या ह्यांनी नारपोलीत कापड विणायचे लूम टाकले आणि अस्तराच्या ताक्यांवर मारायला छाप हवा म्हणाले, तेव्हा बाईसाहेब पदर खोचून पुढे. “चित्रकार कशाला शोधता? मी आहे ना!”

मी मोर काढला. पण ताक्याच्या टोकाला छापाला जागा ती केवढी, चहाच्या बशीएवढी. पिसारा मावेना. म्हणून मी तो दुमडून पाठीवर घेतला. मला तो नाचून दमलेला मोर दिसत होता. लूमवरच्या मुकादमाने कौतुकाने पाहिलं आणि म्हणाला, “भाभी, मुर्गी बहुत अच्छी बनी है.” माझी आई दिघाशीहून आली होती, तिच्याकडे मोठ्या आशेने कागद नेला. ती म्हणाली, “मोर न्हाय गो, ही तं आपली खुडूक कोंबडी हाय.”

दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तोवर ह्यांनी रबरी शिक्का करून आणला. फर्म माझ्या नावावर, म्हणून छापाची सरकारी नोंदणीही माझ्याच नावाने केली. म्हणजे ती कोंबडी कायद्याने माझी. बाजारात आमचं कापड ‘मुर्गी छाप’ म्हणूनच खपलं, आणि मी प्रत्येक व्यापाऱ्याला “मोर आहे तो” असं सांगत राहिले. काय तो तोरा!

हे गेले. आता धंदा नात बघते. तिने आल्या आल्या कोंबडीला रजा दिली. वेबसाइटवर तीन निळ्या रेघा आल्या.

“हे काय गं? खिडकीचे गज?”

“आजी, हल्ली असंच साधं चालतं.”

चालतं तर चालू दे. पण यंदा दिवाळीच्या हंगामाआधी इंदूरच्या शेठचा फोन आला. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. “भाभीजी, धंदा बंद कर दिया और बताया तक नहीं?” कुणीतरी आमच्या नावाने त्यांना मेल धाडली होती की, अस्तर बंद केलंय, पुढची ऑर्डर अमुक पत्त्यावर द्या. वर तीन निळ्या रेघा दिमाखात! मी समजूत घातली, पण शेठ बिथरले. खरी मेल कुठली आणि खोटी कुठली, ते कोण ओळखत बसणार? दिवाळीची ऑर्डर सुरतेच्या व्यापाऱ्याला समोर बसून देतो, म्हणाले.

धंदा हाती घेतल्यावरची नातीची ही पहिली दिवाळी. मेलवरून ऑर्डरी घ्यायची पद्धत तिनेच सुरू केलेली. पोरगी जेवेना. मग एका सकाळी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली.

आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या यंत्रांना आहे, ते तिने इंटरनेटवर नोंदवून ठेवलं. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मेलला आमची गुप्त सही लागेल अशी सोय केली. आणि जी मेल यात बसणार नाही, ती दारातूनच परत लावा, असं समोरच्या मेलसेवांना सांगून ठेवलं.

“पण हे शेठना दिसणार कसं?” मी विचारलं.

“मेलच्या यादीत आपल्या नावाशेजारी गोल असतो ना, त्यात आपली खूण दिसेल. मेलच्या आत कुणीही चित्र चिकटवतं, पण त्या गोलात नाही येत. त्याला दाखला लागतो. आणि दाखला मिळतो तो नोंदणी झालेल्या छापालाच...” ती थांबली.

“तीन रेघा नोंदल्यास?”

“नाही.”

“मग काय नोंदलंय?”

“कोंबडी,” ती पुटपुटली.

“मोर!” मी म्हटलं.

आता खरं सांगायचं तर माझाच मोह उसळला. “गोलासाठी संगणकावर नव्याने काढतेच आहेस, तर पिसारा जरा लांब कर.”

“आजी, नोंदणीत आहे तस्साच हवा. एक पीस वाढवलं तरी परत पाठवतील.”

“तुरा तरी?”

“तुरासुद्धा नाही!”

दाखला देणाऱ्यांना मालकीण प्रत्यक्ष बघायची होती, व्हिडिओ कॉलवर. मी ठेवणीतली साडी नेसले, गजरा माळला. “आजी, ओळखपत्र दाखवायचंय, हळदीकुंकवाला नाही जायचंय.” पलीकडे एक तरतरीत मुलगा. कार्ड दाखवून झालं, तो म्हणाला तशी मान वळवून झाली. मग मला राहवेना. “बेटा, ये निशानी में क्या दिखता है तुमको?” नातीने टेबलाखालून पाय मारला. तो स्क्रीनजवळ वाकला. “मुर्गी है ना, मॅडम?”

दाखला आला. नातीने शेठना आधी फोन करून बजावलं की, आतल्या रेघांवर जाऊ नका, नावाशेजारचा गोल बघा. मग मेल पाठवली. सगळ्याच मेलसेवा हा गोल दाखवत नाहीत म्हणे; शेठची दाखवते, हे तिने आधीच बघून ठेवलेलं. तरी दुपारभर ती फोनभोवती घुटमळत होती. मी मटार सोलत होते, आणि निम्मे दाणे सालींत टाकत होते.

फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला.

“भाभीजी! मुर्गी आ गई!” शेठ ओरडले. “वही पुरानी मुर्गी! ये तो मैं नींद में भी पहचान लूँ. दिवाली का ऑर्डर इसी मेल पे भेज रहा हूँ.”

नातीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळे भरले होते तिचे.

मी मात्र फोन जवळ ओढला. “शेठ, वो मोर है.”

“हाँ हाँ, भाभीजी, मोर. मोर ही है. ऑर्डर में क्या लिखूँ? मुर्गी छाप ही ना?”

“वही लिखिए,” नात म्हणाली आणि माझ्या हातातला फोन काढून घेतला.