नावं जुळवणारी लायब्ररी

लेक चालायला लागली आणि मी पुन्हा नोकरी धरली. सासर अणदूरला, काम घरूनच. कंपनी छोटी, दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करणारी. पण लॅपटॉपवर कामाची साधनं बसवतानाच अडलं. डाउनलोड निम्म्यावर आलं की नेट जायचं. मधल्या काळात सगळं बदललेलं. पडद्यावर चूक दाखवणाऱ्या लाल ओळी यायच्या आणि मला त्यातलं फारसं कळायचं नाही. आता हे आपल्याला झेपणार नाही, असं मी सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या लेकीला भरवत होत्या. म्हणाल्या, "कुणाला तरी इचार की. इचारल्यानं काय कमीपणा येतुय?"

मग कंपनीतल्या एका वरिष्ठ बाईंना फोन केला. त्या सोलापूरहून काम करायच्या, ओळख फक्त आवाजाची. चार सूचना सांगतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, उद्या येते. आणि सकाळच्या एसटीनं आल्यासुद्धा, सगळी साधनं हार्ड डिस्कवर भरून.

एकेक गोष्ट त्यांनी माझ्याच हातून करून घेतली. लाल ओळ आली की आधी मला मोठ्यानं वाचायला लावायच्या, मग अर्थ विचारायच्या. जेवणाआधी लॅपटॉप तयार झाला. सासूबाईंनी आग्रहानं भाकरी वाढली; बाईंनी आणखी मागून घेतली, तेव्हा घरातलं अवघडलेपण गेलं.

दुपारी आम्ही कोड उघडला. दूध घालणाऱ्याचं नाव कुणी कसंही लिहिलं तरी माणूस ओळखायचा, हे काम करणारा कोड दुधाच्या, पशुखाद्याच्या आणि जनावरांच्या औषधांच्या अशा तिन्ही सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तीन स्वतंत्र भागांत, वेगवेगळा उतरवलेला होता. एका जागी दुरुस्ती केली, तरी बाकीच्या दोन तशाच राहायच्या. मी भीत भीत विचारलं, हा एकाच लायब्ररीत, म्हणजे सामाईक कोडच्या एका जागी, ठेवून तिन्ही सर्व्हिसेसनी तिथून घेतला तर?

"सगळ्यांच्या मनात आहे, हात कुणी घातला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही घाला."

मी घातला. लायब्ररी तिन्हीकडं जोडली आणि दुसऱ्याच सकाळी पशुखाद्याच्या मागण्या अडकल्या. नोकरी गेली असं समजूनच मी बाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, पशुखाद्याला तेवढं जुन्या कोडवर परत न्या. लायब्ररी झटकन सगळ्यांच्या गळ्यात बांधायची नसते, ज्या सर्व्हिसची तयारी होईल तिनं नवी आवृत्ती घ्यायची. तसं केलं. मागण्या सुटल्या. मग निवांत चूक शोधली, आणि काही दिवसांनी पशुखाद्यही लायब्ररीवर आलं.

नंतरच्या मीटिंगमध्ये कुणीतरी नावं जुळवण्याबद्दल सवयीनं बाईंनाच विचारलं.

"ते मला विचारू नका," त्या माझं नाव घेऊन म्हणाल्या. "ती लायब्ररी त्यांची आहे."

उत्तर द्यायला मी माइक चालू केला. मग नावं कशी जुळतात ते मी समजावून सांगायला लागले.