शेवटची गाठ

लकडगंजातल्या एका जुन्या वखारीत प्रायोगिक नाटकं होतात. तिच्या शेजारीच काकांचं बांबूचं दुकान आहे. त्यांचे बांबू बहुतेक तिरडीसाठी जातात. गिऱ्हाईक बोलण्याआधीच त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते बांबू काढतात.

आमच्या यंदाच्या नाटकात तिरडी होती. प्रत्येक प्रयोगाआधी काका ती स्वतः बांधत आणि शेवटची गाठ सोडून देत.

"जित्या माणसाची पुरी बांधाची नसते," ते म्हणत.

"काका, गिऱ्हाईक वापस करून राहिले तुम्ही," तिरडीवर झोपणारा नट त्यांना चिडवायचा.

एका संध्याकाळी तिरडी डगमगली म्हणून दिग्दर्शिकेनं ती गाठ बांधून टाकली. काकांचा चेहरा पाहून मी त्यांना ती सोडायला सांगितली, तर ते म्हणाले, "आता नाही. पुरी बांधलेली रिकामी वापस जात नाही."

नट हसत आडवा झाला होता. काकांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

"ऊठ गा. तुयं लेकरू लहान आहे."

मग चपला काढून ते स्वतः झोपले.

प्रयोगभर ते हलले नाहीत. टाळ्या संपल्यावर आम्ही चौघांनी तिरडी उचलली, तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, "खाली ठेवू नका. घरी चला."

घर दुकानामागेच. काकूंनी दार उघडलं, तिरडीकडे पाहिलं आणि विचारलं, "कधी झालं?"

"काकू, नाटक आहे," नट घाईघाईनं म्हणाला.

काका उठले नाहीत. त्यांची छाती हलताना मला दिसत होती. काकूंनाही दिसली असावी. तरी त्या आत वळल्या आणि चटई गुंडाळून जमिनीवर जागा करू लागल्या.