मायच्या बाजूचे टाके

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही, भावाला नाही, भावजयीला तर नाहीच नाही. जिला माहीत होती ती गेली. आज तुम्हाला सांगायला बसले आहे — तुम्हालाच का, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या रस्त्यात भेटलात तरी मला पदर ओढून जावं लागणार नाही, एवढंच कारण असेल.

आधी मी कोण ते सांगते. रिसोडला माझं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, दोन मशीन आणि भिंतीला एक आरसा. ब्लाउज शिवते, उन्हाळ्यात मुलींना हातशिलाई शिकवते. मुली मला वचकून असतात. टाका वाकडा आला तर मी ओरडत नाही, कापड नुसतं त्यांच्या पुढ्यात टाकते आणि म्हणते, उसव. एका पोरीला एकच काठ मी पाच वेळा उसवायला लावला होता. ती रडली. आणि मला — काय सांगू — मला बरं वाटलं होतं. आपण किती काटेकोर, असं.

माझं माहेर शेलूबाजारजवळचं, भाजीपाल्याच्या मळ्याचं. वांगी, मेथी, टमाटे. गोधड्या शिवणं हा आमच्या घरचा नाद. गरज म्हणाल तर काही नव्हती, बाजारात हव्या तेवढ्या चादरी मिळतात. पण फाल्गुनात भाजीची तोड जरा कमी झाली की माय ओसरीत जुनी लुगडी अंथरायची, मध्ये बाबांची धोतरं घालायची, आणि घरातल्या बायका चारी बाजूंना बसायच्या. आपापल्या काठापासून सुरुवात करायची, ओळीमागून ओळ घालत मधोमध यायचं. बोलणं चालू, चहा चालू, कुणाची तरी उणीदुणीही चालू. गोधडी पुरी झाली की कोणती बाजू कुणाची हे सांगावं लागत नसे. आमच्या घरात टाक्यावरून बाई ओळखतात.

आणखी एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घरात लेकरू जन्मलं की त्याच्या बारशाला दुपटं शिवायचं, आणि त्या दुपट्याच्या मधोमध जुन्या गोधडीचा तळहाताएवढा तुकडा लावायचा — टाक्यांसकट कापून. तोही कुणाच्याही बाजूचा नाही, घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईच्या हातचा. गोधडीला पडलेलं भोक ठिगळ लावून बुजवायचं. अशा ठिगळांच्या गोधड्या आमच्याकडे कुणी लपवत नाही, उलट पाहुण्यांना दाखवतात. म्हणजे मायच्या हातचा टाका ही काय चीज होती ते लक्षात आलं का? अगदी बारीक टाका. सरळ.

मग तिला काचबिंदू झाला. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्यानेही उजेड-अंधार एवढंच कळायचं. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याच वर्षी माझ्या भावाच्या मुलीचं, प्रणालीचं, लग्न ठरलं. वैशाखातलं. पोर अकोल्याला शिकत होती, रविवारी घरी यायची. तिने आजीच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं, मला रुखवतात दुसरं काही नको, तुझ्या हातची गोधडी पाहिजे. माय हसली. आणि हो म्हणाली.

मी दुकान बंद करून दीड महिना माहेरी जाऊन राहिले. कौतुकाने गेले होते, खोटं कशाला बोलू. चार बाजू चौघींना वाटून घेतल्या — माय, मी, माझी भावजय मंगला, आणि चौथी बाजू खुद्द नवरीची, रविवारपुरती. मायला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मी रोज सकाळी दहा सुया ओवून तिच्या उजव्या हाताशी उशीत टोचून ठेवायचे. ती बोटांनी काठ चाचपायची, डाव्या अंगठ्याने अंतर धरायची आणि टाका घालायची. दुपारच्या जेवणाआधी त्या दिवसाचं काम संपलं की दोऱ्याला गाठ मारून लांब शेपूट ठेवायची — दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं ते हाताला सापडावं म्हणून.

पहिल्या दिवशी मी तिच्या ओळी पाहिल्या.

काय होत्या त्या ओळी! कुठे वर चढलेल्या, कुठे घसरलेल्या. एके ठिकाणी तीन टाके एकावर एक. पुढे बोटभर जागा रिकामीच. मला काय वाटलं असेल? दया? रडू आलं असेल? नाही. मला रुखवत दिसलं. मांडवात टेबलावर पसरलेली गोधडी, वराकडच्या बायका, रिसोडहून येणारी माझी गिऱ्हाइकं, माझ्या शिकवणीच्या मुली. त्यांना काय ठाऊक, कोणती बाजू कुणाची? त्या म्हणणार, मॅडमच्या माहेरचं काम बघा.

तेवढ्यात मायने विचारलं, "सरळ येऊन राह्यले का वं टाके?"

मी म्हणाले, "एकदम सरळ, माय."

ती एवढी खुलली की विचारू नका. मळ्यावर भाजी न्यायला आलेल्या माणसालाही तिने बोलावून सांगितलं, "माह्या हाताले डोये फुटले." दिवसभर तेच. आणि मी — मी तिथे बसून विचार करत होते की हे आता निस्तरायचं कसं.

कळलंच असेल तुम्हाला. तरीही मला माझ्या तोंडाने सांगू द्या.

दुपारी जेवण झालं की माय आत निजायची, दोन तास. मंगला मळ्यावर जायची. घरात कुणी नसायचं. मी ब्लेड घ्यायचे आणि मायच्या त्या दिवसाच्या सगळ्या ओळी उसवायचे. मग नव्याने घालायचे — तिच्यासारख्या. तिचा टाका मला येतो, लहानपणापासून पाहिलेला. डोळे चांगले असतानाचा तिचा बारीक टाका मी हुबेहूब घालायचे, शेवटी तिच्यासारखीच गाठ, तिच्यासारखंच लांब शेपूट. उसवलेला लाल दोरा गुंडाळून चुलीत घालायचे. दोन तासांत एवढं आवरायचं म्हणजे घाम फुटायचा. बाहेर फाटक वाजलं की ब्लेड पदराखाली घ्यायचे. एकदा मंगला विसरलेली टोपली न्यायला परत आली, तेव्हा मी ब्लेडवरच बसले. मांडीला कापलं. काय झालं म्हणून तिने विचारलं, तर सुई लागली म्हणाले.

किती दिवस? सोळा. सोळा दिवस रोज सकाळी मी आईला दहा सुया ओवून दिल्या, रोज तिने विचारलं, रोज मी सरळ म्हटलं, आणि रोज दुपारी तिचं सगळं काम काढून टाकलं. एकाही दिवशी हात थांबला नाही. मनात एकदाही आलं नाही का, असं तुम्ही विचाराल. आलं. पण खरं सांगू? आपण तिची अब्रू राखतोय, असंही मनात यायचं, आणि ते जास्त गोड होतं.

सतराव्या दिवशी मायने सुई हातात घेतली. कालची गाठ चाचपली. मग नेहमीसारखी पुढे न जाता ती बोटं मागे न्यायला लागली, गाठीपासून काठाकडे, एकेका टाक्यावरून. ओळ संपली. दुसरी ओळ. तिसरी. तिचा चेहरा माझ्याकडे नव्हता, समोर अंगणाकडे होता. मंगला आत पोळ्या करत होती, लाटण्याचा आवाज येत होता.

"काल माह्याकडून एक जागा सुटली होती," माय म्हणाली. "दोरा अडकला होता. म्या म्हटलं, राहू दे."

मी उशीतल्या सुया मोजत राहिले.

तिने पुन्हा एकदा बोट फिरवलं. "सुटली नाही," ती म्हणाली. "लई सरळ आहे हे."

बस. ओरडली नाही, काहून केलंस म्हणून विचारलं नाही. हातातली सुई तिने दोऱ्याच्या रिळात खोचली, रीळ माझ्याकडे सरकवलं. भिंतीला धरून उठली. आणि संध्याकाळी मंगलाला माझ्यासमोरच सांगितलं, "डोये काम देत नाही आता. बाकीचं हे पोरगी पुरं करन."

मी पुरं केलं.

तुम्हाला वाटेल, टाके उसवले हाच माझा गुन्हा. तो तर आहेच. पण त्या दिवसापासून मायने सुई धरली नाही, आणि सगळे म्हणाले, बिचारीची नजर पुरती गेली. मीही म्हणाले. नजर तर आधीच गेली होती! नजर गेल्यावरही ती सोळा दिवस शिवत होती, गात होती, भाजीवाल्याला बोलावून सांगत होती. तिच्या हातातून सुई काचबिंदूने नाही काढली. मी काढली. नऊ महिने ती बाजेवर बसून पदराच्या चुण्या घालायची आणि मोडायची. घालायची आणि मोडायची. मी दर पंधरा दिवसांनी जायचे, फळं घेऊन. दिवाळीला एकदा तिच्या पायाशी बसून मी तोंड उघडलं होतं, "माय, ते गोधडीचं —" तर म्हणाली, जेवलीस का आधी. मी जेवायला उठले. किती पटकन उठले ते मला अजून आठवतं.

रुखवताचंही सांगायला हवं. प्रणालीने स्वतःच्या अक्षरात पाटी लिहिली होती — आजीच्या हातची गोधडी. बायकांची रांग लागली. दिसत नसताना काय टाके घातलेत म्हणून कुणी डोळे पुसत होतं. मायला खुर्चीवर बसवून गोधडीसमोर आणलं, आणि प्रत्येक बाई तिच्या पाया पडून जात होती. माय हात जोडत होती. प्रणाली म्हणाली, आजी, हात लावून बघ ना. मायने दोन्ही हात पदराखाली घेतले. थंडी वाजते म्हणाली. वैशाखात. मी दोन पावलांवर उभी होते, आणि माझ्या एका मुलीला काठ कसा वळवलाय ते समजावून देत होते.

पौषात माय गेली. ती मला वाचवत होती की शिक्षा देत होती, ते मला चार वर्षांत कळलेलं नाही. कळावं असा माझा हक्कही नाही.

आता यंदाचं. प्रणालीला मुलगी झाली, बाळंतपणाला माहेरीच आली होती. बारशाच्या आदल्या सकाळी मी दुपटं घेऊन गेले, मधली जागा मोकळी ठेवून. तिने तीच गोधडी बाजेवर पसरली. मी म्हणाले, अगं, ही चांगली आहे, हिला कशाला कापायची? कपाटात मायच्या जुन्या गोधड्या आहेत, त्यातला तुकडा घेऊ. आणि त्या खरंच होत्या. तिच्या हातच्या, डोळे असतानाच्या. तिथे मी सुटले असते, आणि लेकरालाही खरा तुकडा मिळाला असता.

पण ती म्हणाली, "नाही आत्या, ह्याच गोधडीतला. आजीने न दिसता शिवली माह्यासाठी." आणि कात्री माझ्या हातात दिली. "तूच काप. आजीची बाजू कोणती, तुलेच पक्कं माहीत."

सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो, बाळ झोपलं होतं, कुणी घाई करत नव्हतं. ती रडली असती, कदाचित माझ्याशी पुन्हा बोलली नसती. पण कपाट दोन हातांवर होतं. मी काय केलं? मी गोधडीवर बोट फिरवलं, जरा विचार केल्यासारखं दाखवलं — हो, तेही केलं — आणि म्हणाले, ही. इथून. मग कात्री चालवली. हात थरथरला नाही. शिवणाचा हात आहे, थरथरत नाही.

तुकडा दुपट्याच्या मधोमध बसवला. चारी बाजू दुमडून, नीट. बारशाला सगळ्यांनी त्याला हात लावून डोळ्यांना लावला. मीही लावला.

मागच्या आठवड्यात प्रणालीचा फोन आला, व्हिडिओचा. पोर पालथी पडायला लागली आहे. दुपट्यावर झोपली होती, मूठ बरोबर मधल्या तुकड्यावर. प्रणालीने फोन जवळ नेला, हळू आवाजात म्हणाली, "बघ आत्या, आजीचा हात धरून झोपली."

"हो," मी म्हणाले.

त्या तुकड्यात एकशे बारा टाके आहेत. बसवताना मोजले होते. सगळे सरळ आहेत, आणि त्यातला एकही मायचा नाही.