लाल ओळी आणि सांबारवड्या

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. सोसायटीत कुणी विचारलं, "काय हो, त्या डिक्शनरीचं पुढे काय झालं?" की "चालतेय की" म्हणून मी लिफ्टचं बटण दाबायचो. खरं तर मी पहिल्या मजल्यावर राहतो आणि एरवी जिन्यानेच जातो.

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत मी कॉम्प्युटरचा जाणकार समजला जातो. चेअरमनसाहेबांचा बंद पडलेला प्रिंटर मी एकदा चालू करून दिला होता. त्यात कागद नव्हता, तो मी घातला. पण हे मी कुणाला सांगितलं नाही आणि चेअरमनसाहेबांनीही नाही. कारखान्यात ड्रॉइंगच्या खात्यात नोकरी केली, तिथे शेवटच्या काही वर्षांत कॉम्प्युटर हाताखाली आला, एवढीच माझी पुंजी. तिच्यावर मी निवृत्तीनंतर बराच काळ प्रतिष्ठेने राहिलो.

समोरच्या फ्लॅटमध्ये भंडाऱ्याकडचे एक गृहस्थ राहायला आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे. मुलगा हिंजवडीला नोकरीला. सकाळी कंपनीची बस त्याला न्यायची आणि ट्रॅफिकच्या मनात आलं की परत आणायची. हे गृहस्थ भेटले की "जय भीम" म्हणायचे, मी "नमस्कार" म्हणायचो आणि दोन्ही व्यवस्थित पोचायचं. त्यांना एक सवय होती, समोर आलेलं सगळं पूर्ण वाचायची. औषधाच्या बाटलीवरचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं, आमच्या नोटीस बोर्डावरचंसुद्धा. आमच्याकडे बोर्डावर सूचना लिहायला सगळे तयार असतात, वाचणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

एक दिवस ते माझ्याकडे आले आणि चहा संपल्यावर कप बाजूला सारला.

"भाऊ, मोबाइलमध्ये शब्दाचा अर्थ पाहायला जातो, तर तो आधी गुडघ्याचं तेल दाखवते. अक्षरं मुंगीएवढी. काही उपाय आहे का?"

"कसला शब्द अडलाय?"

"एक नाही, सगळेच अडून राहिले." मग हळूच म्हणाले, "नात इंग्रजी गोष्टीचं पुस्तक घेऊन बसते संध्याकाळी. मी मध्येच अडकतो. काल म्हणाली, आबा, सोडा ना, तुम्हाला नाही जमणार."

त्यांना दुपारी गुपचूप शब्द पाहून ठेवायचे होते, म्हणजे संध्याकाळी नातीबरोबर न अडखळता वाचता आलं असतं. एवढंच.

मी शोधलं. इंटरनेटशिवाय चालणारा, मोफत मिळणारा एक शब्दकोशाचा प्रोग्राम सापडला. तयार मिळत होता, पण त्यातलीही अक्षरं बारीक, आणि मोठी करायची सोय नाही. मात्र त्याचा सोर्स कोडही खुला होता. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामची पाककृती. ती उतरवून घ्यायची, हवा तो बदल करायचा आणि आपल्या कॉम्प्युटरवर नव्याने प्रोग्राम शिजवायचा. याला बिल्ड करणं म्हणतात. कृती एकच, तवे निराळे: माझ्या विंडोजवरही होणार आणि त्यांच्या मुलाने जुन्या कॉम्प्युटरवर घालून दिलेल्या लिनक्सवरही.

"तुम्हाला येते हे?" त्यांनी विचारलं.

"न यायला काय झालं?" मी म्हणालो. मला येत नव्हतं.

मग आमच्या सकाळी सुरू झाल्या. ते सूचना वाचायचे, सावकाश, एकेका इंग्रजी शब्दावर बोट ठेवून. मी टाइप करायचो. कंपायलर म्हणजे शिजवायची शेगडी, ती उतरवली; लायब्ररी म्हणजे तयार मसाले, लागतील तेवढे उतरवले. माझा कॉम्प्युटर म्हातारा, बिल्ड लावला की पंखा असा घोंगवायचा की आतून बायको विचारायची, "दळण लावलंत का?"

आणि एका सकाळी तो झाला! पडद्यावर प्रोग्रामची खिडकी उघडली, मी एक शब्द टाकला, खाली मराठी अर्थ आला. आम्ही दोघंही उगाचच उभे राहिलो.

मग अक्षरं मोठी करायची. कोडमध्ये एका ओळीत अक्षरांच्या आकाराचा आकडा होता. मी खुर्ची सोडली आणि म्हणालो, "हा बदल तुम्ही करा." त्यांनी आधी हात रुमालाला पुसले. मग आकडा बदलला, फाइल साठवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू विमान उडवलंय. "उद्या बिल्ड करू," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर बढाई मारली. आमच्यातले एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "मराठी अर्थ देणारा कोश ना? मग ठेवलाय कुठल्या नावाच्या फोल्डरमध्ये?"

मी इंग्रजी नाव सांगितलं.

"वा! म्हणजे गणपती आपला आणि मखर विलायती."

पुण्यात माणूस पोटदुखी सहन करतो, टोमणा नाही. घरी येऊन मी फोल्डरचं नाव बदललं आणि देवनागरीत 'आपला कोश' असं ठेवलं. मधली मोकळी जागासुद्धा नीट सोडली.

दुसऱ्या दिवशी बिल्ड लावला आणि पडद्यावर लाल ओळीच लाल ओळी. शेजारी ते, आणि मी जाणकार.

"काय बदललं असेल?" ते म्हणाले.

"काय म्हणजे? काल तुम्ही आकडा बदललात ना!"

त्यांचा चेहरा उतरला. तरी सवयीने त्यांनी पहिल्या लाल ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. "भाऊ, हे काहीतरी फोल्डरचं म्हणून राहिलं. आधीची जागा अन् आताची..."

"अहो, ते नका वाचू! आधीच एक करून ठेवलंय, आता आणखी नको," मी म्हणालो आणि पडदाच बंद केला.

ते उठले. चप्पल घालताना त्यांनी दाराला हात लावून तोल सावरला. त्यानंतर ते आले नाहीत.

मी बरेच दिवस झगडलो. शेवटी नाइलाज झाला तेव्हा तीच पहिली ओळ वाचली. तिच्यात सरळ लिहिलं होतं की पहिल्या बिल्डची तयारी ज्यात केली ते फोल्डर हे नव्हे, नाव वेगळं आहे. नव्या नावाने पुन्हा तयारी करून पाहिली, तर आत कुठलं तरी अवजार देवनागरी नावापाशी अडून बसलं. निमूटपणे इंग्रजी नाव परत दिलं. बिल्ड झाला. अक्षरं मोठी, सुबक, दुरून दिसणारी. त्यांच्या आकड्यात काहीच चूक नव्हती.

मी समोरच्या दाराशी जायला निघालो, शपथेवर सांगतो. पण तेवढ्यात आमचीच बेल वाजली. दारात ते, हातात झाकलेला डबा.

"घरी सांबारवड्या केल्या होत्या." त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. "भाऊ, माझ्यामुळे तुमचं एवढं काम बिघडलं. नसत्या ठिकाणी हात घातला. माफ करा जी मला."

माझ्यामागे, दहा पावलांवर, प्रोग्राम उघडा होता. आणि मी काय म्हणालो?

"असू द्या हो. होतं असं. शिकताना चुका व्हायच्याच."

वर त्यांच्या खांद्यावर थोपटलं. डबा घेतला. वड्या खमंग होत्या. संध्याकाळी बायको म्हणाली, "पचल्या का?" तिने आतून सगळं ऐकलं होतं.

पुढे त्यांच्या लिनक्सवरही मी बिल्ड करून दिला, त्यांच्याच आकड्याने. ते लांब, दाराजवळच्या खुर्चीत बसून होते. "या, एक शब्द टाकून बघा," मी म्हणालो.

"नको जी. मी हात लावला की बिघडते."

त्यांनी हात लावला नाही तो लावलाच नाही. शब्द नातच शोधायची आणि आबांना सांगायची. वाचायची ती, ऐकायचे ते. नात हुशार, भरभर पुढे जायची. हळूहळू ते पुस्तक घेऊन बसणंच थांबलं.

मी सांगणार होतो. दिवाळीत फराळाचं ताट घेऊन गेलो, तर घरात पाहुणे. एकदा बागेत एकटे सापडले, तर मी त्यांना बिबवेवाडीच्या डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल विचारत बसलो. मग मुलाची बदली झाली आणि सगळे नागपूरला गेले. फोन केला की ते पुण्याच्या हवेची चौकशी करायचे. मी हवा सांगायचो, सविस्तर.

एका सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्या मुलाचा, वडील गेल्याचा निरोप आला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्यातलं एक मीही टाकलं, आणि मग बसून राहिलो.

जे म्हणायचं होतं ते लांबलचक नव्हतं. अहो, तुमचा आकडा बरोबर होता. नाव मी बदललं होतं, आणि तुम्ही त्याच ओळीवर बोट ठेवलं होतंत, मीच वाचू दिलं नाही. माफी तुम्ही नव्हती मागायची. मला माफ करा.